देवपूरचा हलणारा मजला

मी मजला बोलतोय. धुळ्यात पांझरेच्या पलीकडे, देवपुरात मुलींचं एक वसतिगृह आहे, त्याचा पहिला मजला. तुम्ही म्हणाल, मजल्यानं काय बोलावं? वर माणसं बोलतात, त्यानं खाली पडून ऐकावं. खरं आहे. पण बारा वर्षं मुलींच्या पायाखाली काढा, मग बघा गप्प राहता येतं का!

आधीच सांगून टाकतो, मी हलतो. कुणी धावत गेलं की माझ्या अंगातून बारीक थरथर जाते आणि फडताळातले पेले किणकिणतात. शेजारच्या बंगल्याचा जाडजूड स्लॅब त्यावरून मला हिणवत असतो. म्हणे, पापड आहेस पापड! हिणवू दे बापड्याला. त्याच्यावर एक म्हातारे वकील आणि त्यांचं मांजर राहतं. माझ्यावर शिंदखेड्याच्या, साक्रीच्या, शिरपूरच्या मुली राहतात, आणि त्यातली एकही हळू चालत नाही.

माझा जन्म दोन गावांत झाला. हाडं जळगावात घडली आणि अंग देवपुरात भरलं. पण त्याच्याही आधी मी एका बाईच्या हट्टात जन्मलो होतो. त्या बाईंचं नाव यशोदाबाई. वसतिगृहाच्या अधीक्षक, पण मुली त्यांना अक्का म्हणत. बुटक्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. आवाज असा की अंगणातून हाक मारली तर मागच्या मोरीतल्या मुलीचा तांब्या हातातून सुटायचा.

तेव्हा वसतिगृहाची इमारत बैठी होती. दर जूनला खेड्यांतून बाप मुलींना घेऊन यायचे आणि अक्कांना अर्ध्याअधिक जणींना परत पाठवावं लागायचं. खोल्याच नव्हत्या. शेवटी वर मजला चढवायचं ठरलं. ठेकेदार आला, टेपनं भिंती मोजल्या आणि म्हणाला, "करू की, बाई. फक्त महिनाभर खालच्या खोल्या रिकाम्या करून द्या."

त्याचंही चूक नव्हतं. नेहमीचा स्लॅब घालायचा तर आधी सेंट्रिंग लागतं. खोल्यांत लाकडी बल्ल्यांचं रान उभं करायचं, त्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर सळया बांधायच्या, मग वरून काँक्रीटचा माल ओतायचा. तो माल पक्का होईपर्यंत बल्ल्या काढता येत नाहीत आणि खाली माणूस राहू शकत नाही.

"आणि मुली कुठे जातील?" अक्कांनी विचारलं.

"घरी पाठवा. पोरी खूष होतील, आईच्या हातचं खातील."

अक्का आत गेल्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या. हिरव्या रंगाची, झाकणावर गुलाबाचं फूल, कडीला सुतळी बांधलेली. ती त्यांनी ठेकेदाराच्या पायाशी ठेवली.

"ही चमेलीची. सातपुड्याच्या पायथ्याची पोर, गणितात वर्गात पहिली. छप्पर दुरुस्तीला काढलं म्हणून मीच पंधरा दिवस घरी पाठवली होती. पेटी इथंच ठेवून गेली, येतेच अक्का म्हणाली. घरी गेली आणि तिथंच लग्न लावून दिलं तिचं. पोर घरी दिसली की आईबापांना वाटतं, आता कशाला परत धाडायची? माझ्या पोरी मी महिनाभर काय, आठ दिवससुद्धा घरी पाठवणार नाही. मजला नाही झाला तरी चालेल."

ठेकेदारानं टेप गुंडाळला आणि चहाही न घेता गेला.

ही गोष्ट कर्णोपकर्णी जळगावात पोचली, पितांबर नावाच्या एका इंजिनिअरच्या कानावर. हे राहायला पिंप्राळ्याला, स्कूटरवरून रोज आपल्या वर्कशॉपला जायचे. परप्रांतात कारखान्यांच्या इमारती बांधून आले होते आणि तिथं पाहिलेली एक पद्धत त्यांच्या डोक्यात घर करून बसली होती. इकडे कुणी ती करू देत नव्हतं. सगळे म्हणायचे, आधी दुसऱ्याच्या घरावर करा, मग आमच्याकडे या. ते एसटीनं धुळ्याला आले आणि अक्कांना म्हणाले, "बाई, खाली एकही बल्ली न लावता मजला घालून देतो. मुली जागच्या हलणार नाहीत."

अक्कांनी त्यांना चहा दिला. माझं नशीब त्या कपात उघडलं असं म्हणायला हरकत नाही.

मग वर्कशॉपमध्ये माझी हाडं घडायला लागली. वर लोखंडी अँगल, खाली लोखंडी अँगल, आणि दोघांच्या मधे सळई वाकवून नागमोडी बसवलेली. वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू! अशा तुळया तयार होऊन ओळीनं भिंतीला टेकल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, शिड्याच आहेत. एका भाजीवालीनं तर पितांबरांना विचारलं, "भाऊ, एवढ्या शिड्या? कुठं चढायचंय?" ते म्हणाले, "देवपूरला." आणि खरंच, एका सकाळी आम्ही ट्रकमध्ये आडवे पडून एरंडोल, पारोळा करत धुळ्यात शिरलो.

पुढचं काम बघायला अर्धं देवपूर जमायचं. मुली शाळेत गेल्या की एकेका खोलीचं जुनं छप्पर उतरवायचं, दोर आणि कप्पी लावून एकेक तुळई वर घ्यायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेकवायची. तुळयांवर नागमोडी पत्रा अंथरला, पत्र्यावर तारेची जाळी. आणि तुळयांच्या डोक्यावर बोटभर उंचीच्या लोखंडी खुंट्या, पत्र्यातून वर आलेल्या. लोकांना त्या खुंट्यांचं कोडं पडलं होतं. माझा सगळा जीव तर तिथंच आहे, बरं का.

बघा, लोखंडाला ताण सोसतो, काँक्रीटला दाब सोसतो. ओझं आलं की मी मधे किंचित वाकतो. वाकलो की वरची बाजू दाबली जाते, ती काँक्रीट सांभाळतं. खालची बाजू ताणली जाते, ती लोखंड सांभाळतं. पण दोघं एकमेकांवरून सरकायला लागले तर दोघांचीही ताकद वाया. त्या खुंट्या काँक्रीटमध्ये रुतून बसतात आणि कुणालाच सरकू देत नाहीत. मग ती दोन उरत नाहीत, एकच होतात. म्हणून मी इतका सडपातळ असून एवढी पलटण अंगावर घेतो. मला पापड म्हणणाऱ्यांनी हे जरा ऐकून ठेवावं.

माल ओतला त्या दिवशी मुली सकाळीच शाळेत गेल्या होत्या. सगळं आटोपून पितांबरांनी खालून वरून तपासलं, तेव्हा कुठं मुलींना आत सोडलं. त्या आपापल्या खोलीत आल्या, वर बघत उभ्या राहिल्या, आणि मग ताटं घेऊन माझ्याखाली जेवायला बसल्या. एकही बल्ली नव्हती. माझ्या ओल्या अंगातून एक थेंब एकीच्या वरणात पडला तर केवढी हसली पोरगी! अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलींवरून नजर फिरवली आणि पदरानं डोळे पुसले. त्यांना एवढं हळवं झालेलं मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

माझ्यावर खोल्या उठल्या, पत्र्याचं छप्पर झालं आणि त्या जूनला नव्या मुली आल्या. त्यातच शिंदखेड्याकडची कस्तुरा आली. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि चालणं म्हणजे काय सांगू! दोन मुलींचं वजन एकटीच्या टाचेत. पहाटे गरम पाण्यासाठी पहिला नंबर लावायला ती खोलीतून सुटली की मी या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरायचो. पण मला ती आवडायची. तिची पावलं झोपेतही ओळखली असती.

तिचे वडील कौतिक दिवाळीनंतर ज्वारीचं पोतं घेऊन आले. वसतिगृहाला धान्य देण्याची तिथं रीतच होती. पोतं उतरवून ते खालच्या ओसरीवर बसले. अक्कांनी पाण्याचा लोटा पुढे ठेवला. नेमकी त्याच वेळी कस्तुरा आबा आल्याचं कळून वरून धावत निघाली. लोट्यातलं पाणी थरथरलं. कौतिकांचा हात तिथंच थांबला.

"बाई, हाई पानी काबरं हालस?"

"वर मुली चालतात ना, कौतिकभाऊ. मजला थोडा हलतो."

कौतिकांनी लोटा तोंडाला न लावताच खाली ठेवला. मान वर करून ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हेही पापड म्हणतील. पण त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

"आमनं धाबं बी आसंच हाले," ते म्हणाले. "मी धाकला व्हतू. वासा सडेल व्हता, कोनले माहीत नही. मनी बहीन खाले झोपेल व्हती. बठ्ठं धाबं तिना आंगवर उनं."

सगळं छत झोपलेल्या बहिणीच्या अंगावर आलं होतं, ती वाचली नव्हती. खानदेशातल्या मातीच्या धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एवढंच ठाऊक, की डोक्यावरचं हललं म्हणजे आतला वासा कुजला. आणि मी हलणार हे पितांबरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. अक्कांनाही नाही.

कस्तुरा खाली आली तर आबा म्हणाले, "चाल वं, पेटी भर. मी तुले आठे ठेवाव नही."

ती जागची हलली नाही. "मी घर उनी तं परत येवाव नही, आबा. तुले बी माहीत शे."

कौतिकांनाही ते माहीत होतं. खोटं बोलणाऱ्यातले नव्हते ते. घरी बायको, भाऊ, भावकी, सगळ्यांनी स्थळाचा घोशा लावला होता. पोर एकदा घरी आली असती तर त्यांनाही ती परत धाडता आली नसती. एकीकडे बहीण आठवत होती, दुसरीकडे लेक समोर उभी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवली, पुन्हा घातली आणि तसेच निघून गेले.

दोन दिवसांनी मिरच्यांच्या टेम्पोत बसून परत आले. सोबत सागाचा एक खांब होता. सरळ, गुळगुळीत, तेलपाणी केलेला. कस्तुराच्या मांडवासाठी त्यांनी तो कधीचा राखून ठेवला होता. म्हणाले, "बाई, हाऊ टेकू लावू द्या. मंग पोर राहू द्या आठे."

अक्कांनी विचार केला. एका खांबानं एक पोर राहत असेल तर राहू दे खांब. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. इमारतीला कुणी आधार दिला तर वाईट काय होणार?

कौतिकांनी खालच्या खोलीत माझ्या अगदी मधोमध खांब उभा केला. खाली दगड ठेवला, वर पाचर घातली आणि घण घेऊन ती ठोकायला लागले. मनापासून ठोकली हो! प्रत्येक ठोक्याला तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. कदाचित बहिणीचं नाव असेल. पाचर आत जात होती आणि मी वर उचलला जात होतो. कुणी बरगडीखाली कोपर खुपसावं ना, तसं झालं. मला ओरडून सांगायचं होतं, अहो थांबा, हे माझ्या घडणीत नाही! पण मजल्याला ओरडता येत नाही. आम्हाला एकच बोली येते, ती म्हणजे तडकण्याची.

आणि मी तडकलो. मुली रोज वावरत होत्या, पाचर सैल होत नव्हती, आणि एका सकाळी केर काढताना कस्तुरालाच भेग दिसली. बरोबर टेकूच्या वर, तुळयांना आडवी, सरळ गेलेली. तिच्यात केरसुणीची काडी उभी राहत होती.

झालं! वणवा पेटावा तशी बातमी खेड्याखेड्यांत गेली. देवपूरच्या वसतिगृहाचा मजला फाटला, टेकू होता म्हणून वाचला. रविवारी अंगणात बाप जमले, काका जमले, कुणाची आई गळा काढतच आली. शेजारचा स्लॅब तर नुसता खूष. ओसरीवर मुलींच्या पेट्या ओळीनं आल्या. मुली रडत नव्हत्या, हेच मला बघवेना. त्या मुकाट पेट्यांवर बसल्या होत्या, आपापल्या गावच्या एसटीची वेळ होईपर्यंत. ज्यांच्यासाठी मी एकही बल्ली न लावता जन्मलो, त्या माझ्याच पायी घरी निघाल्या होत्या. मला इतकी लाज वाटली, की कोसळून जावं असं वाटलं. आणि कोसळायची तर मुळीच सोय नव्हती!

अक्कांनी आदल्या दिवशीच ट्रंक कॉल लावला होता. पितांबर पहिल्या गाडीनं जळगावहून आले ते धापा टाकत वर चढले. भेग बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं. मग खाली आले, खोलीत शिरले आणि टेकू पाहताच कपाळावर हात मारून घेतला.

"हा कुणी लावला?"

"मी लाया," कौतिक पुढे झाले. "मजला हाले म्हनीसन."

पितांबर रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते कौतिकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, हा मजला या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो. मधे जरासं खाली वाकून ओझं धरायचं, अशी त्याची रचना. तुम्ही मधोमध पाचर ठोकून त्याला वर उचललंत. त्याची पाठ उलटी वाकली, वरचं काँक्रीट ताणलं गेलं आणि फाटलं. टेकूनं त्याला वाचवलं नाही हो, टेकूनंच फोडलं."

"आनि हालस ते?"

"ते हलणारच. हलका आहे तो. हलतो, पण पडत नाही. हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायला हवं होतं. चूक माझी आहे. आता पाचर काढा, भेग आपली आपण मिटेल."

कुणी पुढं होईना. कौतिक तर टेकूला मिठी मारून उभे राहिले. "टेकू काढना तं बठ्ठं खाले," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पितांबरांनी घण उचलला तर दोघातिघांनी त्यांचा हात धरला. शास्त्र खरं होतं, पण बहीण गेलेल्या माणसापुढं शास्त्र काय कामाचं?

तेवढ्यात अक्का आपल्या खोलीत गेल्या आणि चमेलीची ती हिरवी पेटी घेऊन आल्या. टेकूच्या पायाशी, बरोबर माझ्याखाली, त्यांनी ती ठेवली आणि तिच्यावर बसल्या. पदर सारखा केला.

"आता ठोका," त्या म्हणाल्या.

"बाई, उठा," पितांबरच घाबरले. "मला खात्री आहे, पण तरी..."

"तुम्हाला खात्री आहे ना? मग झालं तर. कौतिकभाऊ, तुमच्या पोरीला मी वर झोपवते आणि मी खाली बसायला घाबरते, असं कसं चालेल? ही पेटी बघा. हिची मालकीण घरी गेली ती परत आली नाही. आज ओसरीवर तशा पेट्यांची रांग लागलीय. त्या सगळ्या अशाच माझ्याकडे उरणार असतील, तर तुमचा मजला माझ्या डोक्यावर पडलेला काय वाईट?"

आणि मग मला ती पावलं कळली. धप, धप, धप, जिना चढून वर. कस्तुरा. ती थेट येऊन भेगेवर उभी राहिली, दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून. वरूनच ओरडली, "आबा, ठोक! मी आठे उभी शे!" तिच्या मागोमाग दुसरी आली, तिसरी आली, ओसरीवरच्या पेट्या सोडून सगळ्याच वर आल्या. बाप खालून आपापल्या लेकीला हाका मारत होते, एकही खाली उतरली नाही.

कौतिकांनी टेकू सोडला. खाली अक्का, वर लेक. त्यांनी एकदा डोळे मिटले आणि घण घेतला. दुसऱ्याला नाही करू दिलं त्यांनी, स्वतःच ठोकलं. एक ठोका. पाचर हलली. दुसरा. तिसऱ्याला ती उडाली आणि सागाचा खांब आवाज करून जमिनीवर आडवा पडला.

त्या क्षणाचं काय सांगू! सगळ्या मुलींचं ओझं एकदम माझ्यावर आलं. बरगडीतलं ते कोपर निघालं आणि मी केसभर खाली आलो. फक्त केसभर. एक कट्ट असा आवाज झाला, खाली कुणीतरी किंचाळलं. तो आवाज माझा होता, पण दुखण्याचा नव्हता. माझ्या खुंट्या घट्ट धरून होत्या. वरचं दाबलं गेलं, खालचं ताणलं गेलं, आणि मी जसा घडलो होतो तसा पुन्हा झालो. मी धरलं हो! सगळ्यांना धरलं!

"मिटली!" वर कस्तुरा ओरडली. "अक्का, भेग मिटनी!" केरसुणीची काडी आता तिच्यात जात नव्हती. नखानं चाचपावी लागेल एवढी बारीक रेघ उरली होती.

कौतिक घण टाकून वर धावले. लेकीला बघितलं, रेघ बघितली. मग पाय फाकवून उभे राहिले आणि टाच अशी आपटली की पेले किणकिणले. मी थरथरलो. त्यांनी पुन्हा आपटली. मी पुन्हा थरथरलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"हालस," ते म्हणाले. "हालू दे."

ओसरीवरच्या पेट्या ज्यांनी बाहेर काढल्या होत्या, त्याच बापांनी पुन्हा वर चढवल्या. पितांबरांना लोकांनी इतका चहा पाजला की परतीची गाडी चुकली. आणि खाली अक्का अजून त्या पेटीवरच बसल्या होत्या. दोघी मुलींनी हात देऊन उठवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघता काय? स्वयंपाकाचं कोण बघणार?"

जाताना कुणीतरी कौतिकांना विचारलं, खांब टेम्पोत टाकायचा का? त्यांनी लेकीकडे बघितलं. "राहू दे आठेच," म्हणाले. "इन्हं शिकनं हुई जावू दे." मग अक्कांनी तो मागच्या अंगणात रोवला आणि त्याला दोरी बांधली. मुलींचे कपडे त्यावर वाळू लागले.

पुढच्या श्रावणात वसतिगृहात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. तिच्या प्रसादाच्या रोटाचे गहू आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावानं मूठमूठ घेतात. इथं पुरुष कुठून आणायचे? अक्का म्हणाल्या, एकेका पोरीच्या नावानं मूठ घ्या. काही आयांनी तोंडाला पदर लावला, पण गहू घेतला गेला, दळला गेला आणि सगळ्यांनी पोटभर खाल्लाही. मुली माझ्यावर अशा नाचल्या, अशा नाचल्या, की शेजारच्या वकिलांचं मांजर भिंतीवरून पळालं. मी थरथरत होतो आणि खाली कौतिक पाण्याचा लोटा हातात घेऊन बसले होते. पाणी नाचत होतं. त्यांनी ते तसंच नाचतं पिऊन टाकलं.

वर्षं गेली. कस्तुरानं डी.एड. केलं, झेडपीच्या शाळेत मास्तरीण झाली. तिचं लग्न ठरलं तेव्हा कौतिक खांब न्यायला आले. केस पांढरे झाले होते. रविवार होता, दोरीवर फ्रॉक, परकर, शाळेचे निळे झगे दाटीवाटीनं वाळत होते. ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग अक्कांना म्हणाले, "मांडवले दुसरं लाकूड सापडी, बाई." आणि रिकाम्या हातानं गेले. तो खांब अजून तिथंच उभा आहे. टेकू म्हणून नापास झाला, पण तिथं अगदी शोभून दिसतो.

आता माझं वय झालं असं नाही, पण तारुण्याची मिजास गेलीय. अंगावर फरशी बसलीय. फरशीखालच्या माझ्या रेघेचा आता कुणाला पत्ता नाही. फक्त त्या ओळीतली एक फरशी पायाखाली किंचित वाजते. नव्या मुली तिच्यावर मुद्दाम उड्या मारतात. अक्का या जूनअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांची खोली आवरून झाली, भिंतीवरचे फोटो उतरले. फक्त कॉटखालची हिरवी पेटी राहिली होती. ती कुठं ठेवायची, हे त्यांना सुचत नव्हतं.

आणि जूनमध्ये एक बाई आल्या. अंगानं वाळलेल्या, पायात चपला नाहीत, हाताशी एक मुलगी. ओसरीवर आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. अक्का चष्मा पुसून त्यांच्याकडे बघत होत्या.

"मी चमेली, अक्का," त्या म्हणाल्या. "पेटी राहिली होती माझी."

अक्कांनी चमेलीच्या तोंडावरून नुसता हात फिरवला.

"उशीर झाला," चमेली म्हणाली. "ही माझी सुनंदा. गणितात हुशार आहे. हिला ठेवून घ्या. मध्ये घरी नका पाठवू."

अक्कांनी कॉटखालून पेटी ओढली, कडीची सुतळी सोडली नाही, तशीच सुनंदाच्या हातात दिली. जड होती. पोरगी ती छातीशी धरून एकेक पायरी चढत वर आली, माझ्यावर आली, वाजणारी फरशी ओलांडली आणि खिडकीजवळच्या रिकाम्या कॉटखाली तिनं ती ठेवली.

बारा वर्षं ती पेटी माझ्या खाली होती. आता माझ्या वर आहे. मी खूप ओझी घेतली, पण एवढं हवंहवंसं ओझं दुसरं नाही.

तेव्हा मंडळी, कधी देवपुरात आलात तर वर या. मी थोडा हलेन, घाबरू नका. आणि माझी फार काळजी वाटली तरी कृपा करून खाली टेकू तेवढा लावू नका. तुमच्या गावात एखादी पोर पेटी भरून बसली असेल, तर तिला पाठवून द्या. मी धरतो.